हाताची विद्या : वऱ्हाडातील कारागिरी आणि तिचे शिष्य

शनिवार-रविवारची जोडसुट्टी साधून शहरातील सुशिक्षित मंडळी गावाबाहेरच्या एखाद्या शिबिरात जाऊन राहतात आणि ते दोन दिवस बांबूच्या कामट्या सोलण्यात, चाकावर मातीचा गोळा चढविण्यात किंवा मागावर धोटा फेकण्यात घालवितात, हा प्रकार अलीकडे आपल्याकडे रूढ होऊ लागला आहे. ह्या मंडळींना टोपल्या विकावयाच्या नसतात, की सतरंज्यांचा व्यापार करावयाचा नसतो. दिवसभर कागद आणि यंत्र यांच्याशी झुंजून शिणलेल्या बोटांना काही निराळे, प्रत्यक्ष दिसणारे व हाताला लागणारे काम मिळावे, एवढीच त्यांची इच्छा असते. सोमवारी सकाळी ही मंडळी एखादी वाकडीतिकडी परडी घेऊन घरी परततात, आणि बाजारात साठ-सत्तर रुपयांना मिळणारी परडी इतकी स्वस्त कशी, असा प्रश्न त्यांना प्रथमच पडतो.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. हाताची विद्या पूर्वी कोण शिकत असे, ती कोणाच्या दारात मिळत असे, ते दार कोणी बंद केले व पुन्हा उघडण्याचे यत्न कोणी केले, हे पाहावयाचे झाल्यास वऱ्हाडाइतका बोधप्रद प्रदेश क्वचितच सापडेल. कारण वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, आणि कापूस व कारागिरी यांचे नाते येथे जितके निकट होते, तितक्याच वेगाने ते तुटले.

जुन्या वऱ्हाडात कारागिरीची केंद्रे अनेक होती. अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे त्यांपैकी एक. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील संपन्न परगण्यांत बाळापुरची गणना झालेली आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने तेथे किल्ल्याचे काम आरंभिले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने ते १७५७ साली पुरे केले. जेथे सुभेदार, फौज व कचेरी, तेथे पागोटी, साड्या व बिछायती विणणाऱ्यांनाही गिऱ्हाईक, हा त्या काळचा नियमच होता. अकोट गाव सतरंज्यांसाठी नावाजलेले होते. अमरावती जिल्ह्यात गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले अंजनगाव सुर्जी इतिहासाच्या पुस्तकांत ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे आढळते. परंतु त्याच गावाची सुती कापड, विड्याची पाने आणि बांबूच्या उत्तम टोपल्या यांबद्दलची कीर्ती तहाच्या कागदापेक्षा अधिक काळ लोकांच्या उपयोगी पडली.

ह्या गावांतून कारागिरी शिकविणारी शाळा नव्हती. घर हीच शाळा होती. कोष्ट्याच्या घरातील पोर सहा-सात वर्षांचे झाले की आईजवळ बसून कांड्या भरू लागे. पुढे तुटलेला धागा सांधणे, ताण्याला खळ देणे, फणीतून सूत ओवणे अशी एकेक पायरी चढत ते एक दिवस बापाच्या जागी मागाच्या खड्ड्यात उतरे. ह्या शिक्षणाला फी नव्हती, मुदत नव्हती आणि परीक्षाही नव्हती. आठवड्याच्या बाजारात माल उठला म्हणजे शिष्य उत्तीर्ण झाला. मराठीत ह्या अवस्थेला 'हात बसणे' असा मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. डोक्याने समजलेली गोष्ट जेव्हा बोटांत उतरते आणि मनाला न विचारता बोटे ती करू लागतात, तेव्हा हात बसला असे म्हणतात. हात बसण्यास वर्षे लागत, आणि ती वर्षे घरच्या अन्नावरच निघत असल्यामुळे त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

शेतकऱ्याच्या घरीही हाताची विद्या काही थोडी नव्हती. अंबाडीचा वाख काढून त्याचे दोर वळणे, दावी व कासरे करणे, पोळ्यासाठी बैलांचा साज सजविणे, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणे ही कामे घरोघर होत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार गावकीशी बांधलेले असत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरच्या धान्यात त्यांचा वाटा ठरलेला असे.

तथापि ह्या घरगुती शाळेचे गोड चित्र रंगविताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. ही शाळा बंद दारांची होती. कोष्ट्याच्या मुलास सुतारकामाची ओढ असली तरी सुताराच्या पडवीत त्याला जागा नव्हती. आणि बुरुडाच्या मुलास पोथी वाचावीशी वाटली तर तिकडचे दार त्याला त्याहूनही घट्ट बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात असे दाखवून दिले, की जातिसंस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उच्चनीचतेच्या पायऱ्यांनी केलेली. काम आवडीने निवडलेले नव्हते, जन्माने माथी आलेले होते. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी हौसेने बांबू हाती घेणारा मनुष्य आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच बांबू सोलीत आलेला मनुष्य हे एकच काम करीत असले, तरी दोघांच्या हातातील काम एकच आहे असे समजणे चुकीचे होईल.

वऱ्हाडातील ही घरगुती शाळा मोडली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिला मोडणारी शक्ती बाहेरून आली असली, तरी ती आली कापसाच्याच पाठीवर बसून. अमरावती ही त्या शतकाच्या पूर्वार्धातच कापसाची मोठी पेठ बनली होती. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याच्या वाटेने धाडल्याचे सांगतात, अशी नोंद इंपीरियल गॅझेटिअरमध्ये आहे. पुढे १८५३ साली हैदराबादच्या निजामाने कर्जफेडीच्या व फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला. १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून त्या कापसाची किंमत सरकारदरबारी केवढी होती हे ध्यानात येते.

आगगाडी जाताना कापूस नेई आणि येताना कापड आणी. हा परिणाम अजाणता झाला असे मानण्याचे कारण नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडचे कॉटन कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी १८६८-६९ च्या आपल्या अहवालात हा हेतू उघडपणे मांडला होता. लोहमार्गाचा फाटा आला तर विलायती कापड येथील कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, आणि विणकामात गुंतलेले हात कापूस पिकविण्याकडे वळविता येतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एखाद्या प्रदेशातील कारागिराने आपली विद्या विसरावी, अशी अपेक्षा इतक्या निर्विकारपणे सरकारी कागदावर उतरल्याची उदाहरणे फार नाहीत.

प्रथम गेले ते सूत. हातकताईचे सूत गिरणीच्या सुतापुढे भावात टिकेना. विणकर काही काळ तग धरून राहिला, कारण त्याला गिरणीचेच सूत घेऊन विणता येई. परंतु घरोघरच्या ज्या बायका फावल्या वेळात चाती फिरवीत, त्यांचे काम एका-दोन पिढ्यांत नाहीसे झाले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. पुढे वऱ्हाडातही गिरण्या उभ्या राहिल्या, आणि जाडेभरडे कापड विणणाऱ्या अनेक कुटुंबांतील माणसे त्या गिरण्यांत मजूर म्हणून दाखल झाली. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. आजचा सुशिक्षित मनुष्य ज्या रविवारी हस्तकला शिकावयास जातो, ती आठवड्याची सुट्टी ह्या देशातील कामकऱ्यास सहजासहजी मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणीकामगारांनी दीर्घकाळ चळवळ केली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्यांचे माग गेले अशा कित्येक घरांतील माणसेच ह्या गिरण्यांतून राबत होती. हौसेने माग चालविण्यास आज जो मोकळा दिवस मिळतो, तो मिळविण्यात माग गमावलेल्यांचाही वाटा आहे.

एकदा तुटलेली विद्या पुन्हा सांधावयाची, तर ती आता घरातून नव्हे, शाळेतूनच द्यावी लागणार होती. हा विचार केवळ हिंदुस्थानचा नव्हता. स्वीडनमधील नेस ह्या गावी ऑटो सॉलोमन याने १८७० नंतरच्या दशकात शिक्षकांसाठी हस्तव्यवसायाचे विद्यालय काढले. लाकडाची साधी उपयुक्त वस्तू स्वतः करताना मुलाची नजर, बोटे व सचोटी एकदमच घडतात, हे त्याचे तत्त्व होते. आणि त्याच्या उन्हाळी वर्गांना देशोदेशीचे शिक्षक येत. डेन्मार्कमधील लोकविद्यालयांचा आदर्श समोर ठेवून ऑलिव्ह डेम कँपबेल व मार्गेराइट बटलर ह्या दोन स्त्रियांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ब्रासटाउन येथे १९२५ साली एक लोकविद्यालय स्थापिले. डोंगरी भागातील लोकांना आपल्या कलेवर चार पैसे मिळावे आणि त्यांनी गाव सोडू नये, ह्या हेतूने ते निघाले. आज तेथे दूरदूरच्या शहरांतून हौशी शिष्य आठवडाभरासाठी किंवा शनिवार-रविवारपुरते येऊन विणकाम, लोहारकाम, टोपल्या विणणे इत्यादी शिकतात. सुट्टीतील हस्तकलेची जी पद्धत आपल्याकडे नवी म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ अशा संस्थांत आहे.

वऱ्हाडाच्या अगदी शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे, ह्या विचाराला निराळे व अधिक धाडसी रूप मिळाले. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, आणि ज्या मुलखात घरोघर सूत निघत होते तेथेच टकळी कशी धरावी, पेळू कसा करावा, याचे धडे देण्याची वेळ आली. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत राहून चालविले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ह्या समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम आखला, त्यात शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायास दिली होती. मातृभाषेस ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे आणि समाजशास्त्र व विज्ञान यांस ३० मिनिटे! लिहिणे-वाचणे हेच शिक्षण मानणाऱ्या समाजाला हे वेळापत्रक म्हणजे एक धक्काच होता.

मध्यप्रांत-वऱ्हाडात पं. रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' ह्या नावाने ग्रामीण शाळांची योजना ह्याच सुमारास हाती घेतली, आणि १९३८ साली तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्यास प्रशिक्षणशाळा उघडली. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च काही अंशी निघावा, ही वर्धा योजनेतील कल्पना सर्वाधिक वादग्रस्त ठरली. परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तिला हरकत घेतली. शाळेतील मुले मजुरीवाचून माल तयार करणार, सरकार तो माल विकणार, मग ज्याचे पोट त्याच धंद्यावर आहे त्या कारागिराने त्या मालाशी स्पर्धा कशी करावयाची, असा त्यांचा प्रश्न होता. कारागिरी जगविण्यास निघालेली योजनाच कारागिरास मारक ठरेल, ही शंका त्या वेळी पुष्कळांना कडवट वाटली असेल. परंतु शिकणारा व जगणारा यांच्यातील हा पेच तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

१९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतातील हा प्रयोग मंदावला. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण सरकारी धोरणात आले खरे, तथापि त्याचे तेज कमी होत गेले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने त्याच्या जागी कार्यानुभवाचा पुरस्कार केला. आणि महाराष्ट्रातील शाळांतून शिकलेल्या प्रत्येकास 'कार्यानुभव' ह्या तासाची आठवण असेल. साडेतीन तासांचा उद्योग आठवड्याच्या एका-दोन तासांवर आला. ह्या अपयशाची कारणे अनेक सांगतात. त्यांतील एक असे, की शिक्षकाला एक किंवा तीन वर्षांचे प्रशिक्षण देऊन कारागीर बनविण्याचा मार्ग योजनेने धरला होता. कारागिराला सन्मानाने शिक्षक करण्याचा नव्हे. ज्याचा हात बसलेला होता, त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र होते, त्याचा हात बसलेला नव्हता. दुसरे कारण याहून खोल आहे. ज्यांना हस्तव्यवसाय वाडवडिलांकडून मिळाला होता, त्यांना आपल्या मुलांसाठी इंग्रजी शाळा व कचेरीतील नोकरी हवी होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामातून सुटण्याची तीच एक वाट त्यांना दिसत होती, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नव्हती.

सरकारी योजनेबाहेर वऱ्हाडात ह्या विद्येला दुसरे आधार मिळाले. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापिला; गावाने आपल्या गरजा आपल्या श्रमाने भागवाव्या ही त्यांची शिकवण पुढे त्यांच्या 'ग्रामगीते'त ग्रथित झाली. अमरावती शहरालगत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी 'तपोवन' उभारले. ज्यांना घराने व गावाने बाहेर काढले, त्यांनी तेथे शेती, विणकाम, सुतारकाम यांसारखे उद्योग शिकून आपले अन्न आपण मिळवावे, असा त्यांचा आग्रह होता. बोटे झडलेल्या हातांनी काम शिकणे म्हणजे काय, याची कल्पना धडधाकट माणसास करणे कठीण आहे. रोग्याच्या हातची वस्तू घेण्यास लोक कचरत, त्या काळात त्या वस्तूने तिच्या कर्त्याला परत माणसांत आणले. हाताच्या विद्येचे मोल केवळ मजुरीत मोजता येत नाही, याचा हा वऱ्हाडातील सर्वांत ठाम पुरावा होय.

अमरावती जिल्ह्याच्याच उत्तरेस मेळघाट आहे. सातपुड्याच्या ह्या रांगांत मुख्यत्वे कोरकू लोकांची वस्ती असून त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या नव्हे, तर मुंडा भाषांच्या कुळातील आहे. ह्या डोंगरांत बांबू विपुल, त्यातही मानवेल ह्या नावाने ओळखला जाणारा भरीव बांबू विशेष. अंजनगावच्या बुरुडांच्या टोपल्यांची कीर्ती ह्याच डोंगराच्या पायथ्याशी वाढली. परंतु जंगल सरकारी झाल्यावर बांबूवरही सरकारची मालकी आली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वृक्षाच्या व्याख्येतच बांबूचा समावेश होता; अर्थात वनस्पतिशास्त्राने ज्याला गवत म्हटले, त्याला कायद्याने झाड ठरविले, आणि कारागिराला आपल्या कच्च्या मालासाठी परवान्याच्या दारात उभे राहावे लागले. विणकराचे सूत गिरणीने नेले, तर बुरुडाचा बांबू कायद्याने अडविला.

१९९० नंतरच्या दशकात सुनील देशपांडे व निरुपमा देशपांडे हे दांपत्य धारणी तालुक्यातील लवादा गावी येऊन राहिले. त्यांनी तेथे संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबूचा आयुष्यभर ध्यास घेतला होता आणि 'वेणुभारती' नावाचा ग्रंथ सिद्ध केला होता. ह्या कार्यामागे त्यांची प्रेरणा होती. लवाद्यास कोरकू व इतर तरुण-तरुणींना बांबूचे काम शिकविले जाऊ लागले, आणि टोपली-सूप यांच्या पलीकडे जाऊन फर्निचर, शोभेच्या वस्तू, राख्या, एवढेच नव्हे तर राहती घरेही बांबूची होऊ लागली. जे काम पूर्वी एका जातीच्या माथी मारलेले होते, ते येथे ज्याला हवे त्याने शिकावे असे झाले. बंद दाराची शाळा उघडली, ती अशी. सुनील देशपांडे यांचे २०२१ साली कोरोनाच्या साथीत निधन झाले. त्यांनी घडविलेले कारागीर मात्र मागे राहिले.

बांबूचे काम दिसते तितके सोपे नाही. कोवळा बांबू वाळल्यावर सुरकुततो, म्हणून तीन वर्षांचा तरी बांबू निवडावा लागतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्टमय अंश अधिक असतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून तोड हिवाळ्यात करतात. नंतर तो बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरवून टिकाऊ करतात. मग चिरणे आले. कोयता बांबूच्या टोकात बसवून एकसारखा दाब देत गेले तर कामटी शेवटपर्यंत सारख्या जाडीची निघते. मध्येच हात एका बाजूस झुकला, की चीर बाहेर पळते आणि सबंध पेर वाया जाते. शिकणाऱ्याच्या प्रथम लक्षात येते ते हे, की कोयता जोराने चालत नाही, अंदाजाने चालतो. आणि तो अंदाज दोन दिवसांत हाती लागत नाही.

कायद्याची गाठही हळूहळू सैल होत गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचा त्यावरील हक्क मान्य केला. २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा लेखा गावाने तो हक्क प्रत्यक्ष बजावून बांबू विकला. २०१७ साली वन कायद्याच्या व्याख्येतून वनाबाहेरचा बांबू वगळण्यात आला, आणि शेतकऱ्याच्या बांधावरील बांबू तोडण्यास व नेण्यास लागणारा परवाना गेला. गवत नव्वद वर्षांनी पुन्हा गवत झाले.

ह्या सर्व इतिहासाच्या उजेडात सुट्टीतील दोन दिवसांच्या शिक्षणाकडे पाहिले, तर काय दिसते? हात बसण्यास वर्षे लागतात. दोन दिवसांत तो बसत नाही, आणि बसला असा समज करून घेणे म्हणजे कारागिराचा अपमानच होय. तथापि दोन दिवसांत दुसरी एक गोष्ट खचित घडते : नजर बसते. ज्याने एक वेडीवाकडी परडी स्वतः विणली, तो पुढे बाजारात परडी हाती घेईल तेव्हा तिचा तळ पाहील, काठाची गुंफण पाहील, आणि घासाघीस करताना क्षणभर थांबेल. गिरणीच्या स्वस्ताईने वऱ्हाडातून कारागीर हुसकले गेले हे खरे. पण त्याबरोबरच चांगले काम ओळखणारे गिऱ्हाईकही गेले, ही हानी मोजली गेली नाही. ते गिऱ्हाईक परत घडविणे हेच ह्या शिबिरांचे खरे कार्य ठरू शकेल.

अट मात्र एक आहे, आणि ती के. टी. शहा यांच्या जुन्या प्रश्नातच दडलेली आहे. शिकणाऱ्याच्या हौसेचे ओझे कारागिराच्या पोटावर पडता कामा नये. शिबिरात शिकविणाऱ्या कारागिराला त्याच्या विद्येचे मोल गुरू म्हणून मिळाले पाहिजे, केवळ दोन दिवसांची मजुरी म्हणून नव्हे. आणि शिष्याने स्वतःची परडी घरी नेताना त्याची एक परडीही योग्य किमतीस विकत नेली पाहिजे. एरवी कारागीर हा करणारा न राहता केवळ करून दाखविणारा होऊन बसेल, आणि त्याची विद्या पाहुण्यांच्या करमणुकीपुरती उरेल. तसेच, कारागिराच्या मुलाने वडिलांचे कोयते ठेवून देऊन कॉलेजची वाट धरली, तर शहरातील हौशी माणसाने त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. काम निवडण्याचे जे स्वातंत्र्य हौशी माणसाला सुट्टीच्या दिवशी लाभते, ते त्या मुलाला सर्व दिवस असावे, हाच न्याय होय.

बाळापुरच्या पागोट्यांना आज डोके उरलेले नाही, आणि ते फिरून यावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. इतिहास मागे फिरत नाही. परंतु जी विद्या एकेकाळी जन्माच्या बंधनाने दिली जात असे, ती आता आवडीने घेतली जावी आणि देणाऱ्याच्या घरी तिच्यापोटी चूल पेटत राहावी, एवढे साधले तरी पुष्कळ आहे. ज्या शिष्याला सोमवारी सकाळी स्वस्त परडी पाहून संकोच वाटला, त्याचे शिक्षण तेथूनच सुरू होते.